गुहागर : सप्तमीच्या भरतीची गोष्ट

शुक्रवार

पुण्याहून गुहागरला जायला वाटा अनेक असल्या तरी आमच्या बाबांना एकच ठाऊक आहे, ती म्हणजे उंब्रजला महामार्ग सोडायचा, पाटण आणि कोयनानगर मागे टाकायचे आणि कुंभार्ली घाट उतरून चिपळूण गाठायचे. फेब्रुवारीचा पहिला आठवडा असल्यामुळे घाटातले गवत पार पिवळे पडले होते आणि घाट उतरताच हवेतला दमटपणा जाणवू लागला. चिपळूणनंतर मार्गताम्हाणे आणि शृंगारतळीवरून जाणारा रस्ता वळणावळणाचा आहे. पंचेचाळीस किलोमीटरच म्हणून निघालेल्या माणसाला तो सव्वा तास सहज घेतो. वाटेतल्या आंब्यांवर मोहोर होता, पण बाबांच्या मते म्हणावा तितका नव्हता. कोकणातल्या माणसाच्या मते तो कधीच म्हणावा तितका नसतो.

आमच्या सहलीचा हेतू अगदी साधा होता. पत्नी बँकेत नोकरीला असल्यामुळे मार्चअखेरची धावपळ सुरू होण्याआधी चार दिवस शांतपणे बसायला मिळावे आणि बाबांना पुन्हा एकदा समुद्र दिसावा, एवढेच आम्ही मनात धरले होते. बाबांचे बालपण दापोली तालुक्यात हर्णैच्या बाजूला गेले. त्यामुळे पुण्यात चाळीस वर्षे काढूनही समुद्राच्या बाबतीत ते आमच्याशी थोड्या अधिकारवाणीने बोलतात.

गुहागर गावाची रचना मला नेहमीच आवडत आली आहे. किनाऱ्याला समांतर जाणारा एक लांब रस्ता, त्याच्या दोन्ही अंगांना घरे आणि समुद्राकडच्या घरांच्या मागे थेट वाळूपर्यंत गेलेल्या नारळी-पोफळीच्या वाड्या, असे हे गाव आहे. जांभ्याच्या गडग्यांमधून जाणारी अरुंद पाखाडी संपली की सुरूचे बन लागते आणि त्यापलीकडे एकदम पाच-सहा किलोमीटर लांबीचा मोकळा किनारा समोर येतो. आम्ही उतरलो होतो ते घर अशाच एका वाडीत होते. घरच्या काकूंनी संध्याकाळी कुळथाचे पिठले, भात आणि सोलकढी असे जेवण वाढले. दिवसभराच्या प्रवासानंतर याहून अधिक काही मागण्याचे कारण नव्हते.

शनिवार

सकाळी अंजनवेलला गेलो. वाशिष्ठी जिथे समुद्राला मिळते त्या खाडीच्या तोंडावर गोपाळगड उभा आहे आणि पलीकडे दाभोळ दिसते. गडाचा कोरडा खंदक आणि तटबंदी पाहण्यासारखी आहे, पण उन्हामुळे बाबांना फार वेळ थांबवले नाही. परतताना व्याडेश्वराचे दर्शन घेतले. पुढच्याच रविवारी महाशिवरात्र असल्यामुळे देवळाच्या आवारात मांडवाची तयारी चालू होती.

संध्याकाळी किनाऱ्यावर शनिवारची गर्दी होती. मुख्य वाटेजवळ उंट, घोडागाडी, भेळेच्या गाड्या आणि वाळूतून घरघरत फिरणाऱ्या चारचाकी मोटारसायकली असा सगळा बाजार भरला होता. तिथून उत्तरेकडे वीस मिनिटे चालत गेले की मात्र माणूस दिसत नाही. ओल्या वाळूवर खेकड्यांनी बिळांभोवती बारीक गोळ्यांची नक्षी मांडली होती, चिखल्या पक्ष्यांचा एक थवा लाटेच्या पुढे-मागे धावत होता आणि कुरव पक्षी वाऱ्याकडे तोंड करून ओळीने बसले होते.

तिथेच बाबांनी आम्हाला भरतीचे गणित सांगितले. कोळीवाड्यात मोठ्या झालेल्या मुलांना ते पाढ्यांबरोबर येते. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची, म्हणजे पूर्ण भरतीची वेळ साधारण तासांत मिळते. दुसऱ्या दिवशी माघ वद्य सप्तमी होती आणि साताची पाऊणपट सव्वापाच. म्हणजे पहाटे सव्वापाचला आणि पुन्हा संध्याकाळी थोडे उशिरा समुद्र भरणार. बाबांची झोप तशीही चारलाच उघडते. पहाटेच्या भरतीला किनाऱ्यावर चक्कर मारू, असे ठरले. त्यामागे याहून मोठा काही विचार नव्हता.

रविवार

साडेचारला आम्ही तिघे पाखाडीने खाली उतरलो. मध्यरात्रीनंतर उगवलेला सप्तमीचा चंद्र आता चांगला वर आला होता. त्याचा उजेड पायाखालची वाळू दिसण्याइतका होता, म्हणून विजेरी लावलीच नाही. ही गोष्ट पुढे फार उपयोगी पडली. आदल्या संध्याकाळच्याच दिशेने, उत्तरेकडे चालत असताना पत्नीने ओल्या वाळूवर एक गडद पट्टा दाखवला. तो पाण्यातून निघून सरळ सुरूच्या बनाकडे गेला होता. होडी ओढल्याचा माग म्हणावा तर त्याच्या दोन्ही बाजूंना एकाआड एक असे ओरखडे होते, डावा पुढे, उजवा मागे, पुन्हा डावा पुढे. बाबांनी हाताने आम्हाला थांबवले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "खाली बसा. वर गेलंय, परत आलेलं नाही."

माग एकच होता. जाण्याचा होता, येण्याचा नव्हता.

पट्टा जिथे संपत होता तिथे, भरतीच्या रेषेच्या बरेच वर, आमच्यापासून चाळीसेक पावलांवर काहीतरी हलत होते. आधी वाळू उडाल्याचा आवाज आला आणि मग चंद्राच्या उजेडात कासवाची पाठ दिसली. ऑलिव्ह रिडले जातीची मादी होती. ही समुद्री कासवे आकाराने इतरांपेक्षा लहान असतात असे पुस्तकात वाचले होते. मात्र दीड हात लांबीचा, चाळीसेक किलो वजनाचा प्राणी आपल्यासमोर वाळू उपसत असतो तेव्हा लहान हा शब्द आठवत नाही.

कासवाची मादी खड्डा खणत असते तो काळ सर्वांत नाजूक. माणसाची हालचाल, विजेरीचा झोत किंवा कुत्र्याचे भुंकणे, यांतल्या कशानेही ती काम अर्धवट टाकून पाण्यात परत जाऊ शकते. हे आम्हाला नंतर सांगण्यात आले. त्या वेळी बाबांच्या सांगण्यावरून आम्ही वाऱ्याच्या आडोशाला, तिच्या मागच्या बाजूला, वाळूत बसून राहिलो. ती मागच्या पायांनी खणत होती. एक पाय खड्ड्यात उतरायचा, त्याची कड ओंजळीसारखी आत वळायची, मूठभर वाळू अलगद वर यायची आणि बाजूला ठेवली जायची. त्याच क्षणी दुसरा पाय आपल्या बाजूची सैल वाळू पुढे झटकून टाकायचा आणि मग त्याची पाळी यायची. खड्डा तिला दिसत नव्हता. डोके समुद्राच्या उलट्या दिशेला आणि हे सगळे काम पाठीमागे, केवळ स्पर्शावर चाललेले. तरीही एकही मूठ वाळू परत आत पडली नाही. इतके निगुतीचे खणकाम मी माणसाच्या हातून क्वचितच झालेले पाहिले आहे.

मध्येच दोन भटकी कुत्री वास काढत आली. बाबा उठले, हातातली काठी आडवी धरून, तोंडातून चकार शब्द न काढता त्यांच्या दिशेने चालत गेले आणि त्यांना बरेच लांबपर्यंत सोडून आले. सत्तरी ओलांडलेल्या माणसाची ही राखण मला अनपेक्षित होती.

थोड्या वेळाने दक्षिणेकडून एक माणूस एकटाच चालत आला. त्याच्या हातातल्या विजेरीवर लाल कागद बांधलेला होता आणि खांद्यावर पिशवी होती. आम्हाला अंधारात बसलेले पाहून तो आधी साशंक झाला, पण आमच्याकडे उजेड नाही आणि कोणी फोटो काढत नाही हे दिसल्यावर शेजारी येऊन बसला. तो कासवमित्र होता. कोकणच्या किनाऱ्यावरील अनेक गावांत वनविभागाने मानधनावर अशी स्थानिक माणसे नेमलेली आहेत. नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंतच्या हंगामात रोज पहाटे आपल्या वाट्याचा किनारा चालून काढायचा आणि माग दिसला की घरटे शोधायचे, हे त्यांचे मुख्य काम असते. त्याने आम्हाला म्हटले, "तुम्ही नशीबवान. आम्हाला माग रोज दिसतो, ती स्वतः क्वचित दिसते."

तिचे खणणे थांबले तेव्हा त्याने खूण केली आणि आम्ही मागच्या बाजूने सरपटत जवळ गेलो. अंडी घालायला एकदा सुरुवात झाली की मादी सहसा थांबत नाही. लाल उजेडात, एका वेळी दोन-तीन, अशी पांढरी, चिकट द्रवाने माखलेली अंडी खाली पडताना दिसली. त्यांचे कवच कोंबडीच्या अंड्यासारखे कडक नसते. एकमेकांवर पडताना त्यांना किंचित खळगा पडत होता, पण एकही फुटत नव्हते. खड्डा दीड फूट खोल, तोंडाशी अरुंद आणि तळाशी ऐसपैस असा होता. तिच्या डोळ्यांतून घट्ट पाणी ओघळत होते आणि त्याला वाळू चिकटली होती. ते रडणे नव्हे. समुद्राच्या पाण्याबरोबर शरीरात गेलेले जादा मीठ डोळ्यांजवळच्या ग्रंथींमधून असे बाहेर टाकले जाते आणि ते पाण्यातही चालूच असते. हे माहीत असूनही पत्नीने नजर दुसरीकडे वळवली, ही गोष्ट वेगळी.

अंडी घालून झाल्यावर तिने मागच्या पायांनी वाळू आत ओढली आणि मग या जातीचे जे खास वैशिष्ट्य आहे ते आम्हाला पाहायला मिळाले. तिने संपूर्ण शरीर एका बाजूला उचलले आणि दाणकन खाली आपटले, मग दुसऱ्या बाजूला. डावीकडे, उजवीकडे, असे पोटाच्या कवचाने ती वाळू ठोकत राहिली. अंगण चोपण्याने चोपताना येतो तसाच तो भरीव, एकसारखा आवाज होता आणि आम्ही गुडघे टेकले होते तिथपर्यंत त्याचा धक्का जाणवत होता. मग पुढच्या पायांनी आजूबाजूची वाळू इतकी उधळून दिली की नेमके कुठे खणले होते हे अर्ध्या तासापासून पाहत असलेल्या आम्हालाही सांगता आले नसते.

ती वळली तेव्हा कासवमित्राने तिच्या पुढच्या पायांवरून लाल उजेड फिरवला. धातूचा टॅग आहे का, हे तो पाहत होता. टॅग नव्हता. त्यावरून त्याने याच किनाऱ्यावरची हकीकत सांगितली, जी पुढे वर्तमानपत्रांतही आली होती. ओडिशाच्या किनाऱ्यावर २०२१ साली ०३२३३ क्रमांकाचा टॅग लावलेली मादी २०२५ च्या जानेवारीत गुहागरला अंडी घालायला आली. बंगालच्या उपसागरातून निघून, श्रीलंकेच्या बाजूने वळसा घालून इथे यायचे म्हणजे साधारण साडेतीन हजार किलोमीटरचे अंतर होते. ओडिशात हजारो माद्या एकाच वेळी किनाऱ्यावर येतात आणि आपल्याकडे एकेकट्या येतात. त्यामुळे पूर्वेची कासवे वेगळी आणि पश्चिमेची वेगळी, असा बहुतेकांचा समज होता. त्याला या एका मादीने तडा दिला. त्याआधी २०२३ साली गुहागरहूनच बागेश्री आणि गुहा अशी नावे दिलेल्या दोन माद्यांच्या पाठीवर उपग्रहाशी जोडलेली यंत्रे बसवून त्यांना सोडले होते. त्यांपैकी बागेश्री दक्षिणेला थेट श्रीलंकेपर्यंत गेली.

आमच्या मादीने मात्र पाण्याकडे निघताना आधी दक्षिणेकडे, गावाच्या दिशेला तोंड वळवले. तिकडे एका निवासाच्या आवारात रात्रभर प्रखर दिवे जळत होते. समुद्री कासवे क्षितिजाचा उजळ भाग म्हणजे पाणी असे धरून चालतात आणि अंधाऱ्या किनाऱ्यावर तो अंदाज बरोबर ठरतो. ती काही पावले तशीच गेली, थांबली, मान उचलली आणि सावकाश पश्चिमेकडे वळली. मोठी मादी सावरते. नखाएवढ्या वयाचे पिल्लू त्याच दिव्यांकडे रात्रभर चालत राहते आणि सकाळी कावळ्यांच्या तावडीत सापडते. किनाऱ्यावर रात्री दिवे बंद ठेवायला पैसा लागत नाही, परवानगी लागत नाही, उलट वीजबिल वाचते. तरीही ते होत नाही, याचा मला मनस्वी राग आला. पहिली लाट अंगावर आली तेव्हा तिचे सगळे जडपण एकदम नाहीसे झाले आणि दुसऱ्या लाटेबरोबर ती गेली. पूर्वेला तांबडे फुटायला अजून अवकाश होता.

त्यानंतरचे काम वेळेचे होते. वाळू उकरून कासवमित्राने अंडी एकेक करून टोपलीत ठेवली. मूळ खड्ड्यात वर असलेली बाजू वरच राहील याची तो काळजी घेत होता. अंडी घातल्यानंतर काही तासांतच ती हलवावी लागतात. गर्भ कवचाला चिकटल्यानंतर अंडे उलटसुलट झाले तर तो मरतो. एकूण ११२ अंडी निघाली. मोजणी बाबांनी केली आणि ती दोनदा केली. सुरूच्या बनालगत जाळीचे कुंपण घालून हॅचरी, म्हणजे अंडी राखून उबवण्याची जागा, केलेली आहे. तिथे त्याने हाताने तसाच, तितकाच खोल खड्डा करून अंडी ठेवली, मूळ घरट्यातली ओलसर वाळू त्यावर पसरली आणि तारीख व अंड्यांची संख्या लिहिलेली पाटी रोवली. आजूबाजूला अशा अनेक पाट्या होत्या.

अंडी मुळात हलवावीतच का, असा प्रश्न अभ्यासक विचारतात आणि तो योग्यच आहे. जागेवरचे घरटे हेच आदर्श. शिवाय पिल्लू नर होणार की मादी हे वाळूच्या उष्णतेवर ठरते. साधारण तीस अंशांच्या वर माद्या अधिक निपजतात, खाली नर. त्यामुळे हॅचरीची जागा, सावली आणि खोली यांत थोडी जरी गफलत झाली तरी परिणाम होतो. परंतु कोल्हे, कुत्री, खेकडे, भरतीचे पाणी, वाळूत फिरणारी वाहने आणि आपण माणसे, हे सगळे लक्षात घेता कोकणात निदान आज तरी कुंपणाला पर्याय दिसत नाही. २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने मंडणगड तालुक्यातल्या वेळासला हे काम सुरू केले तेव्हा अंडी चोरीला जाणे ही सर्रास गोष्ट होती. बाबांनी त्याला दुजोरा दिला. त्यांच्या लहानपणी हर्णैच्या बाजूला ही अंडी टोपलीतून दारावर विकायला येत आणि घरोघरी खाल्ली जात. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा, पण तो त्यांच्या आळीत पोचायला बराच काळ गेला. "आम्हीही खाल्ली आहेत," असे त्यांनी कासवमित्राला सरळ सांगितले. त्यावर तो हसून म्हणाला, "माझ्या आजोबांनी तर विकली आहेत."

दुपारी वेळणेश्वर आणि हेदवीला जाऊन आलो. हेदवीचा दशभुज गणपती पाहिला, पण तिथली बामणघळ, म्हणजे भरतीचे पाणी उसळते ती खडकातली घळ, पाहायला भरतीची वेळ साधली नाही आणि खरे सांगायचे तर कोणाचेही मन त्यात नव्हते.

सोमवार

निघण्याआधी सकाळी पुन्हा हॅचरीवर गेलो, कारण डिसेंबरच्या मध्यावरची काही घरटी आता केव्हाही उमलतील असे कळले होते. पिल्ले बाहेर यायला पन्नासएक दिवस लागतात, थंडी असेल तर थोडे अधिक. घरट्यावर बांबूची टोपली पालथी घातलेली असते आणि ती रोज सकाळ-संध्याकाळ उचलून पाहतात. दोन टोपल्या रिकाम्या निघाल्या. तिसरीखाली तीसेक पिल्ले वाळूतून वर येऊन एकमेकांवर चढत होती. काळपट राखी रंगाची, तळहातावर मावतील एवढी, आणि सगळ्यांची धडपड एकाच दिशेला.

पाण्यापासून काही अंतरावर दोरी बांधून पर्यटकांना मागे थांबवले होते. तोपर्यंत पन्नास-साठ माणसे जमली होती आणि प्रत्येकाच्या हातात मोबाइल होता. पिल्लांना थेट पाण्यात सोडत नाहीत. थोडी वाळू त्यांना स्वतः चालू देतात. पुढे मोठ्या झालेल्या माद्या जन्मभूमीच्या परिसरात परततात, त्या ओळखीत या चालण्याचा वाटा असावा असे मानले जाते. एका लहान मुलीने शेवटच्या, मागे राहिलेल्या पिल्लाला एवढा आवाज देऊन प्रोत्साहन दिले की सगळे हसू लागले. हजारांतून एखादेच मोठे होते असे म्हणतात, हे कासवमित्र दोरीपलीकडच्या मंडळींना समजावून सांगत होता.

वेळासच्या कासव महोत्सवापासून कोकणात हा सोहळा रुजला, गावातल्या घरांना त्यातून चार पैसे मिळू लागले आणि अंडी विकण्यापेक्षा राखणे फायद्याचे ठरले, हे मोठेच काम आहे. मला एवढेच वाटते की या सगळ्यात आई मात्र कुणाच्याच खिजगणतीत नसते. ती रात्री येते, पाऊण तासात काम उरकते आणि जाते. तिचा महोत्सव होऊ शकत नाही, होऊही नये. तिच्यासाठी जे करायचे ते न करण्याच्या स्वरूपाचे आहे : दिवे न लावणे, वाळूत गाडी न घालणे, माग दिसला तर त्यावरून न चालणे आणि विजेरीचा मोह आवरणे. असल्या गोष्टींची पत्रिका छापता येत नाही, त्यामुळे त्या मागे पडतात.

दहाच्या सुमारास चिपळूणच्या रस्त्याला लागलो. ११२ अंड्यांच्या पाटीवरच्या तारखेत बाबांनी गाडीतच पन्नास-बावन्न दिवस मिळवून पाहिले. मार्चचे शेवटचे दोन दिवस, नाहीतर एक एप्रिल येतो. पत्नीने शृंगारतळी येईपर्यंत काही उत्तर दिले नाही. मग म्हणाली की ३१ मार्चला रजा मागणारी बँक कर्मचारी हा वन्यजीवांपेक्षाही दुर्मीळ प्रकार आहे, तेव्हा तुम्ही दोघेच जा. बाबांनी तिथल्या तिथे काकूंना फोन लावून खोली राखून ठेवायला सांगितली.